राज्यपाल कोणाचे?

विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर राज्यपालांनी किती दिवसांत सही करावी, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु याच प्रश्नापायी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला एकाच वर्षात दोनदा आपले म्हणणे मांडावे लागले, आणि ते दोन्ही वेळा सारखे नव्हते. ८ एप्रिल रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडूची अडवून ठेवलेली दहा विधेयके संमत झाली असे धरून चालावे असा निर्णय दिला, आणि राज्यपाल व राष्ट्रपती या दोघांनाही मुदती आखून दिल्या. त्यावर राष्ट्रपतींनी चौदा प्रश्न विचारून न्यायालयाचा सल्ला मागितला. आणि २० नोव्हेंबर रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे सांगितले की, न्यायालयाला अशी मुदत घालता येणार नाही आणि संमती 'गृहीत' धरण्याची सोयही घटनेत नाही. राज्यपालांनी कारणावाचून आणि अमर्याद काळ विधेयक दाबून ठेवले, तर 'काय तो निर्णय करा' एवढेच न्यायालय त्यांना सांगू शकेल. निर्णय कोणता करावा हे सांगू शकणार नाही.

घटनेच्या शब्दांत जी मुदत नाही ती न्यायालयाने आपल्या पदरची घालू नये, हे घटनापीठाचे म्हणणे आम्हांस सहजासहजी झिडकारण्यासारखे वाटत नाही. दोनशेव्या अनुच्छेदात विधेयक फेरविचारार्थ परत पाठविताना ते 'शक्य तितक्या लवकर' पाठवावे असे म्हटले आहे. दिवसांचा आकडा दिलेला नाही. तो असावा असे वाटत असेल तर तो घालणे संसदेचे काम आहे. परंतु एवढे मान्य केले म्हणजे मूळचा प्रश्न अधिकच उग्र होऊन उभा राहतो. ज्यांस कोणी निवडून दिलेले नाही, ज्यांस विधिमंडळ दूर करू शकत नाही, अशा एका व्यक्तीच्या मेजावर कोट्यवधी लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा महिनोन्महिने पडून राहू शकतो, ही स्थिती आपल्या लोकराज्यात आली कोठून? याचे उत्तर शोधावयास मुंबईकराला फार दूर जावे लागत नाही. ते मलबार टेकडीच्या टोकाशीच आहे.

दुसऱ्या चार्ल्स राजाने वर्षाला दहा पौंड खंडाने मुंबई बेट १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, तेव्हापासून येथे गव्हर्नर नांदत आहे. जेराल्ड अंजियरने १६६९ ते १६७७ पर्यंत येथे कारभार केला आणि कोर्टकचेऱ्यांचा पाया घातला. तो गव्हर्नर म्हणजे कंपनीचा मुख्य गुमास्ता. त्याची निष्ठा लंडनच्या भागीदारांशी असावयाची, आणि ज्यांच्यावर तो राज्य करी त्यांचा त्याच्या नेमणुकीशी सुतराम संबंध नसावयाचा. पुढे १७७३ च्या कायद्याने मुंबईचा गव्हर्नर लढाई आणि तह यांच्या बाबतीत कलकत्त्याच्या ताब्यात गेला. त्या वेळी मुंबईस विल्यम हॉर्नबी होता. त्याने आणि त्याच्या कौन्सिलाने कलकत्त्यास न पुसता ७ मार्च १७७५ रोजी राघोबादादांशी सुरतेचा तह केला, आणि कलकत्त्याने तो धुडकावून कर्नल अप्टनला पुण्यास धाडले व पुढच्याच मार्चमध्ये पुरंदरचा तह घडवून आणला. मुंबईचा गव्हर्नर एक बोलतो, वरचे सरकार दुसरे बोलते आणि भोवतालचे लोक मधल्यामध्ये भरडले जातात, या नाटकाचा पहिला प्रवेश आमच्या मराठी मुलखात असा झाला.

येथे एक आडवळण घेतो. नेमलेल्या अधिकाऱ्यावर अंकुश हवा, ही कल्पना आपण विलायतेहून आणली असा एक समज आहे. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस असे जे दरकदार असत, त्यांस मामलेदार काढून टाकू शकत नसे. आणि त्यांच्या हातच्या खुणा झाल्याखेरीज कागद पुरा होत नसे. त्या व्यवस्थेतही लाचलुचपत आणि वशिला भरपूर होता. तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तथापि हुजुरातून आलेल्या माणसाच्या मर्जीवर सबंध प्रांत सोपवू नये, एवढे शहाणपण शनिवारवाड्यालाही होते.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन (१८१९ ते १८२७), माल्कम, फ्रिअर असे कर्तबगार गव्हर्नर येथे होऊन गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबई आणि मद्रासचे गव्हर्नर थेट विलायतेहून येत आणि भारतमंत्र्यांशी परस्पर पत्रव्यवहार करीत, म्हणून त्यांचा डौलही मोठा असे. लोकांच्या तोंडी असलेला 'लाटसाहेब' हा शब्द त्या डौलातूनच आला. आज तो आपण घरातल्या ऐदी मुलासाठी वापरतो हा काळाचा महिमा. परळच्या गव्हर्नरवाड्यात पुढे हाफकिनसाहेबांची प्रयोगशाळा आली, आणि गणेशखिंडीच्या वाड्यात १९४९ पासून पुणे विद्यापीठ नांदू लागले. पण त्याच गणेशखिंडीतून, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना, २२ जून १८९७ रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. आणि २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने पिस्तूल झाडले. महाराष्ट्रातील सुशिक्षित तरुणाच्या मनात 'गव्हर्नर' या शब्दाचा अर्थ काय झाला होता, हे सांगावयास याहून निराळा दाखला नको.

आजच्या राज्यपालपदाचा खरा साचा मात्र १९३५ च्या कायद्यात सापडतो. प्रांतांना स्वायत्तता दिली, आणि ती देताना गव्हर्नराच्या हातात 'स्वेच्छाधिकार' आणि 'विशेष जबाबदाऱ्या' ठेवून उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने परत घेण्याची तजवीज करून ठेवली. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्याच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या; पण गव्हर्नर दैनंदिन कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत अशी हमी मिळाल्याखेरीज सत्ता घ्यावयाची नाही, असे काँग्रेसने ठरविले. तेव्हा गव्हर्नराने साताऱ्याचे सर धनजीशहा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ बसविले. ते तीनसाडेतीन महिने टिकले. व्हाइसरॉयच्या खुलाशानंतर जुलैमध्ये बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा देताच ९३ व्या कलमाखाली गव्हर्नराचे एकहाती राज्य सुरू झाले, ते १९४६ पर्यंत. गव्हर्नराच्या स्वेच्छाधिकाराविरुद्ध ज्यांनी अशी हमी मागितली, तेच लोक दहा वर्षांनी घटना लिहावयास बसले, हे येथे ध्यानात ठेवावयाचे आहे.

त्यांचा आरंभ उत्तम होता. वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील प्रांतिक घटना समितीने १९४७ साली शिफारस केली ती अशी की, राज्यपाल प्रौढ मताधिकाराने थेट लोकांनीच निवडावा. १९४८ च्या मसुद्यात तिला दुसरा पर्याय जोडला गेला, तो असा की विधिमंडळाने चार नावे निवडून द्यावीत आणि त्यांतून राष्ट्रपतींनी एक उचलावे. आणि १९४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस घटना समितीने हे दोन्ही पर्याय बाजूला सारून राष्ट्रपतींनी सरळ नेमणूक करावी असे ठरविले. यामागची कारणे पोकळ नव्हती. फाळणीची जखम ओली होती. प्रांताप्रांतांत फुटीर वृत्ती बळावण्याचे भय नेहरूंना वाटत होते. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल एका म्यानात कसे राहणार, हाही प्रश्न होताच. राज्यपाल केवळ शोभेचा आणि घटनात्मक राहावयाचा असेल तर त्याच्यासाठी निवडणुकीचा खटाटोप कशाला, असा डॉ. आंबेडकरांच्या विवेचनाचा रोख होता.

युक्तिवाद बिनतोड होता, पण एका अटीवर: राज्यपाल खरोखरीच शोभेचा राहिला पाहिजे. त्याच सभागृहाने दुसऱ्या बाजूने १९३५ च्या कायद्यातील स्वेच्छाधिकाराचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे १६३ व्या अनुच्छेदात उतरविले. १ जून १९४९ रोजी हरि विष्णू कामत यांनी ते शब्द गाळा म्हणून दुरुस्ती मांडली, पंडित हृदयनाथ कुंझरूंनी शंका घेतल्या. पण शब्द राहिले. राज्यपालांनी कसे वागावे याचे एक सूचनापत्र मसुद्यात परिशिष्ट म्हणून जोडलेले होते, तेही अनावश्यक म्हणून ऑक्टोबरात वगळण्यात आले. शोभेच्या म्यानात धारेची तलवार राहिली ती अशी. ९३ व्या कलमाचे ३५६ झाले. नेमणूक दिल्लीकडे आणि मुदत 'राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर', म्हणजेच केंद्रीय मंत्रिमंडळाची मर्जी असेतोवर.

तलवार गंजत पडली नाही. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ साली, मद्रासच्या ३७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला १५२ जागा मिळाल्या होत्या. तेव्हा राज्यपाल श्रीप्रकाश यांनी निवडणुकीला उभेच न राहिलेल्या राजगोपालाचारींना विधान परिषदेवर नियुक्त करून घेऊन मुख्यमंत्री केले. श्रीप्रकाश सज्जन होते, विद्वान होते. पुढे १९५६ च्या डिसेंबरात ते मुंबईस आले, संयुक्त महाराष्ट्राच्या वादळी दिवसांत येथेच होते, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल होण्याचा मान त्यांनाच मिळाला. सज्जन माणसाच्या हातूनही पायंडा वाईट पडू शकतो, एवढ्यासाठी त्यांचे उदाहरण घेतले. केरळात ३१ जुलै १९५९ रोजी नंबुद्रीपाद यांचे बहुमतातील सरकार बरखास्त झाले ते राज्यपाल बी. रामकृष्ण राव यांच्या अहवालावरून. हे तेच हैदराबादचे माजी मुख्यमंत्री, ज्यांच्या राज्यात १९५६ पर्यंत आपला मराठवाडा होता. पुढे तर संकोचही उरला नाही. हरियाणात १९८२ साली त्रिशंकू विधानसभा आली. राज्यपाल गणपतराव तपासे यांनी देवीलाल यांस २४ मे रोजी पाठीराखे घेऊन या म्हणून सांगितले, आणि २३ मे रोजीच भजनलाल यांना शपथ दिली. तपासे आमच्या साताऱ्याकडचे, म्हणून हे लिहिताना लेखणी थोडी अडखळते. पण लिहिलेच पाहिजे. १९८४ च्या ऑगस्टमध्ये आंध्रचे राज्यपाल रामलाल यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेहून नुकत्याच परतलेल्या एन. टी. रामाराव यांना काढून टाकले. रामारावांनी आपले आमदार थेट राष्ट्रपतींपुढे उभे केले, आणि महिन्याभराने, १६ सप्टेंबरला, नवे राज्यपाल शंकर दयाळ शर्मा यांनी त्यांना पुन्हा त्याच गादीवर बसविले.

हे सारे काँग्रेसच्या राजवटीतले, म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. १९७७ साली जनता सरकारने नऊ विधानसभा एका झटक्यात बरखास्त केल्या. १९८० साली इंदिरा गांधींनीही नऊच केल्या, आणि तीत शरद पवारांच्या सरकारसह महाराष्ट्राची विधानसभा गेली. या राज्याला राष्ट्रपती राजवटीची पहिली ओळख झाली ती त्या १७ फेब्रुवारीला. पुढे ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी निक्षून सांगितले की, बहुमत आहे की नाही हे राज्यपालांच्या दिवाणखान्यात नव्हे, सभागृहात ठरेल. या एका निकालाने ३५६ व्या अनुच्छेदाची धार पुष्कळ बोथट झाली. मग वापर वळला तो मुख्यमंत्री कोणास बोलवावयाचे या अधिकाराकडे. २०१७ साली गोव्यात चाळीसांपैकी १७ जागा मिळविणारी काँग्रेस सर्वांत मोठी होती. तेथे निवडणुकोत्तर जुळणी प्रमाण मानून १३ जागांच्या भाजपला बोलावणे गेले. दुसऱ्याच वर्षी कर्नाटकात निवडणुकोत्तर जुळणीकडे बहुमत असता तेथे सर्वांत मोठा पक्ष हे प्रमाण ठरले, आणि १०४ जागांच्या येडियुरप्पांना शपथ मिळून वर पंधरा दिवसांची सवड मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९ मेपर्यंत आणताच ते सरकार मतदानापूर्वीच आटोपले. दोन्हीपैकी कोणताही नियम आम्ही निमूटपणे मान्य करू; दोन राज्यांत दोन नियम आणि लाभ मात्र एकाच पक्षाला, हे कोणत्या घटनेत बसते?

महाराष्ट्राची कहाणी वाचकांच्या स्मरणात ताजी आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात राज्यपाल कोश्यारी यांनी शिवसेनेला चोवीस तास दिले आणि मुदतवाढ नाकारली. राष्ट्रवादी काँग्रेसला १२ तारखेच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ दिला आणि तो संपण्यापूर्वीच राष्ट्रपती राजवटीची शिफारस धाडली. २३ नोव्हेंबरला पहाटे पावणेसहाच्या सुमारास ती राजवट उठली, आणि लोकांनी वर्तमानपत्र उघडले तेव्हा त्यात एक मुख्यमंत्री होता व आकाशवाणीवर दुसरा. ज्यांना चोवीस तासांपलीकडे दम निघत नव्हता त्यांना पहाटेचा अंधारही पुरला! ते सरकार चार दिवसही टिकले नाही. पुढे जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास राज्यपालांनी फर्माविले. त्यांच्यापुढे तसे करण्याजोगा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असे पाच न्यायमूर्तींनी ११ मे २०२३ रोजी नमूद केले. पण ठाकरे यांनी मतदानाला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे घड्याळाचे काटे मागे फिरविता येत नाहीत, असेही त्यांनी सांगितले. ठाकरे यांच्या त्या राजीनाम्याचे समर्थन आम्ही करणार नाही. सभागृहात हरणे हेही सभागृहाचा मान राखणेच असते. विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त बारा जागांची यादी मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये पाठविली. निर्णय वाजवी काळात व्हावयास हवा असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. यादी तशीच पडून राहिली, सरकार बदलले, नव्या सरकारने ती परत मागविली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, सात जागा भरल्या गेल्या. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील माणसांसाठी या जागा आहेत असे घटना म्हणते. घटना पुष्कळ काही म्हणते.

मग पदच नको, असे म्हणणारे आहेत. आम्ही तितके पुढे जाणार नाही. मंत्रिमंडळ पडले आणि दुसरे बनले नाही तर राज्याचा शिक्का कोणाच्या तरी हाती हवाच. दोष आहे तो नेमणुकीत आणि बडतर्फीत. १९८३ साली नेमलेल्या सरकारिया आयोगाने सांगून ठेवले की, राज्यपाल त्या राज्याबाहेरचा, नामवंत, अलीकडच्या राजकारणात फारसा न गुरफटलेला असावा. केंद्रातील सत्ताधारी पक्षाचा माणूस दुसऱ्या पक्षाच्या राज्यात धाडू नये. मुख्यमंत्र्यांचा सल्ला घ्यावा. २०१० साली पुंछी आयोगाने पाच वर्षांची निश्चित मुदत आणि विधेयकांवर सहा महिन्यांत निर्णय एवढे त्यात घातले. दोन्ही अहवाल कपाटात सुखरूप आहेत. सरकार बदलले की राज्यपाल बदलण्याची चाल मात्र १९९० साली होती, २००४ साली होती, आणि २०१४ साली महाराष्ट्राचे शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली होऊन त्यांनी राजीनामा दिला तेव्हाही होती. अव्वल कारकुनाची बदली करावयासही याहून अधिक कारणे द्यावी लागतात. निव्वळ राजकीय मतभेदासाठी राज्यपालास काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१० रोजी सांगितले खरे. पण उद्या काढले जाण्याच्या धास्तीत असलेला माणूस आज कोणाकडे पाहून सही करील, हे ओळखावयास घटनापंडित लागत नाही. २०२५ च्या अखेरीस अनेक राजभवनांवर 'लोकभवन' अशी पाटी चढली. या भवनांत कोणी जावे हे ठरविताना लोकांच्या प्रतिनिधींना विचारण्याची प्रथाही त्या पाटीबरोबर आली असती तर आम्ही तिचे अधिक मोकळेपणाने स्वागत केले असते.

आणि यात आम्हांस सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की, महाराष्ट्राच्या राज्यपालांना करण्याजोगे एक मोठे काम घटनेनेच नेमून दिलेले आहे. ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापून पैशाची न्याय्य वाटणी पाहण्याची खास जबाबदारी त्यांच्यावर टाकता येते. १९५३ च्या नागपूर कराराचे आश्वासन या कलमात आहे. विदर्भ आणि मराठवाडा या राज्यात आले ते या भरवशावर. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष मोजून दिला. मंडळे मात्र १९९४ मध्ये आली. डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांनी २००१ साली सिंचनाचा निधी कसा वाटावा याचे लेखी निर्देश सरकारला दिले, आणि अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांना आकडे घेऊन त्यांच्यापुढे बसावे लागले. तेव्हा पद नेमलेलेच होते, नेमणूक दिल्लीचीच होती. पण पातूरच्या किंवा परतूरच्या शेतकऱ्याला त्यातून कालव्याचे पाणी मिळण्याची आशा होती. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्या वेळच्या राज्य सरकारने तिला वेळीच वाढ मागितली नाही, आणि पुढच्या सरकारने पुनरुज्जीवनाचा ठराव केला तो २७ सप्टेंबर २०२२ रोजी. मधल्या अडीच वर्षांत दोन अंदाजपत्रके या मंडळांवाचून सादर झाली, आणि मलबार टेकडीवरून त्या काळात मुख्यमंत्र्यांना गेलेल्या पत्रांत आमच्या आठवणीत राहिले आहे ते देवळे केव्हा उघडणार याविषयीचे.